भुईआवळी, कुटकी आणि यकृताचे संरक्षण

भुईआवळीचे रोप जेमतेम वीत-दीड वीत वाढते. तिची नाजूक डहाळी उलटून पाहिली की पानांच्या बगलेत ओळीने लटकलेली मोहरीएवढी हिरवी फळे दिसतात. काविळीवरच्या पारंपरिक औषधांत हिचे नाव फार आदराने घेतले जाते आणि मलाही ही वनस्पती मनापासून प्रिय आहे. मात्र तिच्यासारख्याच दिसणाऱ्या भावंडांना एकाच नावाने खपवले जाते, याची मला खरी काळजी वाटते. फिलँथस अमारस, म्हणजे भुईआवळी, हिच्या फुलाला पाच दले असतात, तिची भावंडे असलेल्या फिलँथस फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा, तर फिलँथस युरिनारियाचे फळ बिनदेठाचे आणि खरखरीत असते. वाळवून पूड केल्यावर यांतला कोणताही फरक डोळ्यांना ओळखता येत नाही.

१९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फिलँथस अमारसवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात बाळगणाऱ्या ज्या लोकांना ही वनस्पती दिली गेली, त्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठभागीय प्रथिन नाहीसे झाले. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण केवळ ४ टक्के होते. याच विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल मिळालेले बरूक ब्लुमबर्ग त्या संशोधकांपैकी एक होते, त्यामुळे आशा वाढणे स्वाभाविक होते. पुढे इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही.

मग अनेकांना येणारा गुण खोटा म्हणायचा का? अनुभव खरा असतो, पण त्याचे श्रेय कोणाचे, हे तपासावे लागते. हिपॅटायटिस ए हा काविळीचा विषाणूजन्य आजार बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, कारण यकृताला स्वतःची झीज भरून काढता येते. त्या काळात जे औषध पोटात गेले, त्याला यश लाभते. प्रयोगशाळेतील पुरावाही नीट वाचावा लागतो. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइडसारखे विष देऊन यकृताला इजा केली जाते आणि पुष्कळ प्रयोगांत वनस्पतीचा अर्क त्या विषाच्या आधीपासूनच सुरू केलेला असतो. येऊ घातलेली इजा कमी करणे आणि आधीच जडलेला आजार बरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. तिच्या बियांतील सिलिबिनिन हे द्रव्य 'डेथ कॅप' या विषारी अळंबीचे विष यकृताच्या पेशींत शिरण्यास अडथळा करते, म्हणून अशा विषबाधेत ते शिरेवाटे दिले जाते. त्याच बियांचा सिलिमॅरिन हा अर्क हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत देऊन पाहिला, तेव्हा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरला नाही.

यकृतासाठीच वापरल्या जाणाऱ्या कुटकीची चिंता निराळी आहे. हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणाऱ्या या कडूजहर वनस्पतीचे भूमिगत खोड आणि मुळ्याच औषधात वापरतात, म्हणजे ती मिळवताना बहुधा रोपच उपटले जाते. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत आणि ते मला अगदी योग्य वाटतात.

गुळवेलीचे सेवन करणाऱ्या काही लोकांच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी केली. वनस्पती ओळखण्यात गल्लत झाली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल यकृताला अपायकारक ठरू शकते. कारण कोणतेही असले, तरी काढा किंवा चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आणि कावीळ पित्ताच्या खड्यामुळे मार्ग अडूनही होऊ शकते, म्हणून डोळे पिवळे दिसले की मी कोणत्याही झाडपाल्याचे नाव सुचवण्याआधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यायला सांगतो. रुग्णाला गुंगी येत असेल, तो असंबद्ध बोलत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर थेट रुग्णालयातच न्यायला सांगतो.