लाल फासा, पांढरा फासा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला लाल शाईत बुडवलेला एक फासा.

दहावीचं बीजगणित, संभाव्यतेचं प्रकरण. सरांनी विचारलं, दोन फासे टाकले तर बेरीज सहा येण्याची शक्यता जास्त की सात येण्याची? मी हात वर केला. सहासाठी 1-5, 2-4, 3-3. सातसाठी 1-6, 2-5, 3-4. दोन्हीकडे तीनच जोड्या, म्हणून शक्यता सारखी. वर्गाला पटलं. सर चूक म्हणाले नाहीत, बरोबरही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सापशिडीचे फासे आणले, दर बाकाला दोन. सहा आले की वहीत एका बाजूला रेघ, सात आले की दुसऱ्या. आमच्या बाकावर बराच वेळ सहा पुढे होता, मी खुशीत. मग सरांनी सगळ्या बाकांच्या रेघा फळ्यावर मांडल्या आणि सात पुढे गेला.

तेव्हा त्यांनी एक फासा दौतीत बुडवला. "लालवर 3, पांढऱ्यावर 4. आता लालवर 4, पांढऱ्यावर 3. हे एकच का?" नमुना अवकाशातले, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांच्या यादीतले, 36 घटक आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. सात सहा प्रकारे येतो. सहा पाचच प्रकारे, कारण 3-3 ची अदलाबदल करायला काही उरत नाही. मी म्हटलं, पण सर, आम्ही टाकले ते दोन्ही फासे तर पांढरेच होते. ते म्हणाले, "रंग पुसला तरी फासे दोनच राहतात रे."

हे वाक्य मला आजही कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाचं वाटतं.

मग त्यांनी गॅलिलिओची गोष्ट सांगितली. तीन फाशांच्या खेळात बेरीज नऊही सहा तऱ्हांनी होते आणि दहाही सहाच तऱ्हांनी, तरी खेळणाऱ्यांच्या अनुभवाला दहा जास्त वेळा येतो, हे कसं? सतराव्या शतकात हा प्रश्न त्याच्यापुढे आला होता. उत्तर न सांगताच सर वर्गाबाहेर गेले.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानांवर बसलो. 1-2-6 सारखे तिन्ही आकडे वेगळे असले तर सहा प्रकार, 1-4-4 सारखे दोन सारखे असले तर तीन, आणि 3-3-3 चा एकच. नऊला भरले 25, दहाला 27. एकूण 216 पैकी फरक अवघा दोनाचा! एवढासा फरक नुसतं खेळून ज्यांना जाणवला, त्यांनी किती वेळा फासे टाकले असतील, याचंच मला नवल वाटत राहिलं.

सकाळी शिक्षकखोलीच्या दारात सरांना वही दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, "आता अकरा आणि बारा?" मी पेन काढलं. "मोजायचं नाही," म्हणाले, आणि टेबलावर तीन फासे ठेवले: 2, 3, 5. बेरीज दहा. मग एकेक फासा त्यांनी पालथा केला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात, म्हणून वर आले 5, 4, 2.

अकरा.