तांबूच्या अंगातला साप

दिवाळीच्या सुट्टीत खानदेशातल्या पारोळ्याकडच्या आमच्या गावी गेले की एक काम ठरलेलं: तांबू गाईचे गोचीड काढायचे. आई कानामागचे काढते, मी कासेजवळचे. पूर्वी रॉकेलच्या डब्यात टाकायचो. आता रॉकेल मिळत नाही, म्हणून साबणाचं पाणी. त्यातून निम्मे पुन्हा काठावर चढतात, असं आईचं म्हणणं.

यंदा मी म्हटलं, "माय, तांबूच्या अंगात रुपयातले चार आणे सापाचा माल आहे."

"गायमा साप? हाई तुले कोनी सांगं?"

गाईचा जनुकसंच २००९ साली वाचून झाला. त्यात बोव्ह-बी नावाचा, पूर्ण असला तर साधारण ३,२०० डीएनए-अक्षरांचा तुकडा ठिकठिकाणी पेरलेला आहे. तो आणि त्याच्या जिवावर वाढलेले छोटे तुकडे धरले तर जवळपास २५ टक्के. माणसात तो नाही. साप-सरड्यांत मात्र आहे, आणि इतका सारखा की वाडवडिलांकडून आला म्हणायची सोय नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सरपटणाऱ्या प्राण्यांचं रक्त पिणाऱ्या काही गोचिडांतही तो दाखवला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या प्रकरणात संशयित कोण, हे आईच्या चिमटीतच होतं. संशयितच म्हणायचं, रंगेहाथ कुणी पकडलेलं नाही.

हा विषाणू नव्हे, पण चाल काही विषाणूंचीच. स्वतःची आरएनए प्रत काढायची, तिच्यावरून उलट डीएनए लिहायचा आणि तो दुसरीकडे घुसवायचा. कवच नसल्यामुळे प्राणी बदलायला मात्र कुणाच्या तरी गाडीवर बसावं लागतं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. अशा तुकड्यांना 'निरुपयोगी डीएनए' म्हणून मी बरीच वर्षं पुढे जायचे. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, निरुपयोगी आहे तर जात का नाही?" तास संपला म्हणून वाचले.

तोच प्रश्न आईला विचारला. तिचं उत्तर तयार होतं: हरळीसारखं. मलाही आधी पटलं. पण हरळीचा तुटका तुकडा पुन्हा फुटतो, इथे तुटका तुकडा मेलेला असतो. प्रत शेपटाकडून लिहिली जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर थांबते. चालू व्हायचं बटण डोक्याकडे, तेच राहून जातं. जे धडधाकट असतात त्यांच्यावर पेशी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटवून त्यांना गप्प बसवते. नेमका तेवढाच तुकडा उचकटून काढणारं हत्यार पेशीकडे नाही. एकदा बीजपेशीत शिरलेला तुकडा पुढच्या पिढ्यांत आपसूक उतरू शकतो. त्रास देणारा असेल तर ते जनावर मागे पडतं. न देणाऱ्याला कोण हटकणार? कातडीच्या पेशीत शिरला तर मात्र गाईबरोबरच संपतो.

गाईला हसायची आपली टाप नाही. आपल्यात सुमारे ८ टक्के जुन्या रेट्रोविषाणूंचे, म्हणजे याच चालीच्या विषाणूंचे, अवशेष आहेत. त्यातल्या एकाचं, पूर्वी विषाणूला पेशीला चिकटवणारं प्रथिन आता वारेच्या पेशी एकमेकींत मिसळवायला लागतं. म्हणजे मी आईच्या पोटात तगले ती थोडी त्याच्याही मेहरबानीने. हे आईला सांगितलं नाही.

तिने कानामागून टरारलेला एक गोचीड उपटला, उजेडात धरला.

"मंग हाऊ आते काय लई जाई?"

मी डबा पुढे केला.