सोबत कुणाची हवी

शनिवार, रात्री उशिरा

'स्पेक ऑप्स: द लाइन' हा व्हिडिओ गेम आज संपवला. वाळूच्या वादळांत गाडली गेलेली दुबई, तिथे अडकलेल्यांच्या शोधात निघालेला कॅप्टन वॉकर, आणि तो अंग जाळणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसचा प्रसंग. गोळे आपणच डागायचे. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके हलताना दिसतात. मग धुरातून पुढे गेल्यावर कळतं, त्यांत आसऱ्याला आलेले सामान्य लोक होते, लेकराला कवटाळलेली आई होती. गेम तिथून पळू देत नाही, जळालेल्या देहांमधून सावकाश चालायला लावतो.

सुन्न होऊन मेनूवर परत आलो तर तिथे 'मल्टिप्लेअर' लिहिलेलं, म्हणजे अनेकांनी ऑनलाइन एकमेकांविरुद्ध खेळायचा भाग. तीच वाळू, तशाच बंदुका. समोरच्याला मारा, गुण मिळवा, हुद्दा वाढवा. ज्या गोळीचा जाब या गेमने मला अख्ख्या कथेत विचारला, त्याच गोळीला इथे बक्षीस! मला हे सहन झालं नाही. मूळ गेम बर्लिनच्या यागर स्टुडिओचा, 2012चा. मल्टिप्लेअर मात्र प्रकाशकाला हवं होतं म्हणून डार्कसाइड नावाच्या वेगळ्याच स्टुडिओकडून करून घेतलेलं. 'बायोशॉक 2', 'डेड स्पेस 2', 'टूम रेडर', त्या काळात एकट्याने खेळायच्या कितीतरी गेमना असं शेपूट लावलं गेलं. कथा संपली की लोक डिस्क सेकंडहँडला विकून टाकत. ती घरातच राहावी, हा त्यामागचा एक हिशेब.

धाकटा म्हणतो, "दादा, एकटा काय खेळत बसतोस, बीजीएमआयवर ये." त्याचं बरोबरच आहे. बीजीएमआय म्हणजे मोबाइलवरचा ऑनलाइन लढाईचा गेम; तिथे चौघांची टोळी आणि त्यांचा आरडाओरडा हाच गेम आहे, माणसं काढली तर मागे काही उरत नाही. माझं भांडण अशा गेमशी नाहीच. खेळणाऱ्याला ज्या कथेत एकटं सोडायला हवं, तिथे गर्दी आणून बसवतात, तिच्याशी आहे.

आणि त्याच 2012 साली 'जर्नी' आला होता! त्यातही वाळवंटच. चालता चालता कुणीतरी अनोळखी भेटतं, इंटरनेटवरून खेळणारा खराखुरा माणूस. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. जवळ आलं की दोघांचे गळपट्टे उजळतात आणि जास्त वेळ उडता येतं, म्हणून आपण आपोआप एकमेकांजवळ राहतो. घडवताना आधी एकमेकांना धक्का देता येत होता म्हणे; लोक जोडीदाराला धोक्यात ढकलायला लागले, तेव्हा कर्त्यांनी धक्का लागणंच काढून टाकलं. माणूस मुळात वाईट की चांगला हा वाद त्यांनी घातलाच नाही, कोणत्या कृतीला काय प्रतिसाद मिळावा एवढं बदललं. सोबत कोण होतं ते शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर कळतं. बर्फाच्या चढावर माझ्या पुढे थांबून सूर काढत राहिलेला तो परका माणूस मला आजही आठवतो. ते दृश्य संगणकाने चालवलेल्या पात्राकडून झालं असतं तर मी इतका हललो नसतो, हे नक्की.

नॉटी डॉग या स्टुडिओने डिसेंबर 2023 मध्ये 'द लास्ट ऑफ अस' या आपल्या कथाप्रधान गेमवरचा, अजून घडवत असलेला ऑनलाइन गेम रद्द केला. पुढची अनेक वर्षं सगळा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल आणि एकट्याने खेळायच्या गेमचं नुकसान होईल, हे कारण त्यांनी उघड सांगितलं. वर्षानुवर्षांचं काम टाकून देणं सोपं नसतं. चाहते हळहळले, मला मात्र हा निर्णय धीराचा वाटतो.

धाकट्याला 'पोर्टल 2' डाउनलोडला लावायला सांगितलाय. त्यातल्या जोडीने खेळायच्या भागाला स्वतःची वेगळी कोडी आहेत, दोन यंत्रमानव आहेत, आणि एकाने दार उघडून धरल्याशिवाय दुसरा पुढे जात नाही. उद्या जेवणं झाली की दोघं बसणार आहोत.