तुम्ही विचारलंत म्हणून : माझा थोरला कुठे शिकतो

"थोरल्याला इंग्रजी शाळेत घातलंस आणि सरकारी मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठी मतं मागत घरोघर फिरलीस, असं का?" लग्नात, बाजारात, वाळपईच्या बसमध्ये हे मला इतक्यांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते.

खरं आहे. गेल्या वर्षी थोरला अनुदानित इंग्रजी शाळेत चौथीत होता. सकाळी देवळाकडे बालरथ, म्हणजे शाळेची बस, यायची, तिच्यातून तो जायचा. धाकटी वाड्यावरच्या शाळेत दुसरीत होती, ती चालत जायची.

तुमच्याआधी हे मला मीच विचारलंय. २०११ साली आपल्या गोव्यात दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय घेतला तेव्हा मी कॉलेजात होते. त्या निर्णयाविरुद्ध उभ्या राहिलेल्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या मोर्चात आवाज बसेपर्यंत घोषणा दिल्या. १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना ज्यांनी हे अनुदान प्रादेशिक भाषांच्या प्राथमिक शाळांपुरतं ठेवलं, त्या शशिकलाताई काकोडकर आमच्या पुढे होत्या. त्या वेळच्या मीने आजच्या मला दारात उभं केलं नसतं.

पण त्या मुलीला मूल नव्हतं, आणि ती आपली पाचवी विसरली होती. चौथीपर्यंत मराठीत शिकायचं आणि पाचवीत गेलं की एकदम सगळं इंग्रजीत, हे आपल्याकडे किती वर्षं चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. पाचवीत सरांनी मला उभं करून 'फ्रॅक्शन' म्हणजे काय विचारलं. अपूर्णांकांची बेरीज मला तोंडी येत होती. फ्रॅक्शन हा शब्द मी ऐकला नव्हता. तास संपेपर्यंत मी उभी होते. थोरल्याचं नाव घालताना नवऱ्याचा आग्रह होता हे खरं, पण सही करताना माझ्या डोळ्यांसमोर तो तास होता. नवऱ्याच्या माथी सगळं मारणार नाही.

मग धाकटी मराठीत का? मे महिन्यात आम्ही काजू वेचत होतो, तेव्हा शाळेच्या बाई भाटात, म्हणजे बागेत आल्या. पटावर बारा मुलं उरली होती. "तुमची आली तर तेरा होतील," म्हणाल्या. त्यांच्या चपलांना बोंडांचा चिकट रस लागला होता आणि त्या तशाच उभ्या होत्या. मला नाही म्हणवलं नाही. कीव होती का, जुनी निष्ठा होती का, मला अजून सांगता येत नाही. धाकटी मात्र तिथे आनंदात वाचायला शिकली. शाळा चांगली आहे हे मी प्रचारात सांगत होते ते तिच्याकडे बघून सांगत होते.

समितीसाठी प्रचार कोण करतं, हेही विचारलंत. एरवी कोणी करत नाही. बाई नावं वाचतात, आपण माना डोलावतो, सह्या करतो. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत ते सह्यांपुरते नाहीत. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा, आलेला पैसा कसा खर्च झाला ते समितीने बघायचं. त्याच कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. आमच्याकडे चार इयत्तांना एकट्या बाई. त्या मीटिंगला गेल्या की मुलं शाळेत मिळणारी पावभाजी खाऊन घरी. मला दुसरा शिक्षक मागायचा होता. माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या वहिनींना मुलं बसने मोठ्या शाळेत जावीत असं वाटत होतं. तेरा मुलं, दहा घरं. म्हणून मी दहाही घरी गेले.

सातव्या घरची गोष्ट सांगायची म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. रविवार होता, थोरला बरोबर आला होता. त्या घरच्या बाई तांदूळ निवडत होत्या. पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं, दोन शिक्षकांचं पुन्हा विचारून घेतलं. मग सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "आनी तुजो व्हडलो खंय वता?" तुझा थोरला कुठे जातो?

मी म्हणाले, "तो यंदापुरतोच थंय." यंदापुरताच तिथे.

शब्दाला शब्द धरला तर खोटं नव्हतं. चौथी संपली की प्राथमिक शाळा संपतेच. पण त्यांना काय कळेल हे मला माहीत होतं आणि तेच कळावं म्हणून मी तसं बोलले. त्यांनी हात थांबवून थोरल्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "बरें केलें."

वाटेत ओहोळापर्यंत तो गप्प होता. साकवावर थांबला. "आई, मला बाईंच्या शाळेत घालणार?" मी त्याला पाचवी, हायस्कूल सगळं समजावलं. तो म्हणाला, "मग त्यांना तसं का नाही सांगितलंस?" घरी पोचेपर्यंत त्याने माझा हात धरला नाही.

वर्गात हात वर करून मतदान झालं. मला चार, वहिनींना सहा. त्या चारांत सातव्या घरचा हात होता. तांदूळ निवडणाऱ्या बाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या, माझं नाव घेताच त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

मी पडले याचं दुःख वेगळं. दुसरा शिक्षक अजून आलेला नाही, आणि मी असते तर आला असता असा दावा मी करत नाही. थोरल्याला इंग्रजीत घातलं त्याबद्दल तुमची माफी मागणार नाही. पुन्हा तो दिवस आला तर काय करीन ते ठाऊक नाही. पण त्याच कारणासाठी मला गप्प बसायला सांगू नका. माझी मुलगी आज त्या वर्गात बसते.

पुढच्या वेळी उभी राहणार का, हेही विचारता. त्याआधी त्या सातव्या घरी जाऊन खरं सांगायला हवं. धाकटीला सोडायला मी रोज त्यांच्या खळ्यावरून जाते. "च्या घेवन वच," चहा घेऊन जा, त्या म्हणतात. उशीर झालाय म्हणते आणि पुढे जाते.