एम्बेडेड बोर्डवरचा पॅरलल पोर्ट आणि ईसीपीची भानगड

पॅरलल पोर्ट (जुना २५ पिनांचा प्रिंटर पोर्ट) अजून कोण वापरतं असं विचारणाऱ्यांनी एकदा जुन्या सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) पॅनल उघडून बघा. आत पीसी/१०४ नाहीतर मिनी आयटीएक्ससारखा छोटा पीसी बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि स्टेपर मोटरच्या ड्रायव्हरला जाणारी सरळ पॅरलल पोर्टची केबल. कारण साधं आहे, प्रोसेसरच्या एका आउट इन्स्ट्रक्शनमध्ये डेटाच्या आठच्या आठ पिना हलतात, साधारण मायक्रोसेकंदभरात. यूएसबी टू पॅरलल केबल लाव की, असं कोणीतरी सांगतंच, पण ती प्रिंटरपुरती असते, ३७८ हेक्स या पोर्टच्या नेहमीच्या पत्त्यावर रजिस्टर वगैरे काही मिळत नाही तिच्यात.

बायोसमध्ये पत्ता ३७८, आयआरक्यू (इंटरप्टचा नंबर) ७ ठेवायचं, झालं. ३बीसी हा दुसरा पत्ता घेतला तर ईपीपी (वेगवान दुतर्फा मोड) विसरा, कारण ईपीपीला बेसच्या पुढे सातव्या पत्त्यापर्यंत जागा लागते आणि ३सी०पासून व्हीजीएचं (डिस्प्लेचं) राज्य सुरू होतं.

खरी गंमत मोडमध्ये. नुसतं आउटपुट हवं असेल तर एसपीपी (जुना साधा मोड) पुरे. पण डेटाच्या आठ पिना इनपुट म्हणून वाचायच्या असतील तर कंट्रोल रजिस्टरचा (बेस अधिक २) बिट ५ (शून्यापासून मोजून) १ करायचा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, तुम्ही करता, आणि वाचल्यावर तुम्हीच लिहिलेली व्हॅल्यू परत येते! अशा वेळी बोर्ड जळला म्हणून फेकू नका, बायोसमध्ये मोड ईसीपी (डीएमए वापरू शकणारा वेगवान मोड) आहे का ते आधी बघा. ईसीपीमध्ये ७७ए पत्त्यावर ईसीआर नावाचं आणखी एक रजिस्टर असतं, त्याचे वरचे तीन बिट ००० असले की पोर्ट जुन्या एसपीपीसारखा वागतो आणि दिशेच्या बिटाला भीकच घालत नाही. ते तीन बिट ००१ करा, मग दिशा बदलते. लिनक्समध्ये पीपीडेव्हमधून (प्रोग्रामला पोर्ट वापरू देणारा कर्नलचा ड्रायव्हर) दिशा बदलली तर कर्नल हे स्वतः करतो, म्हणून थेट पोर्टवर लिहिण्यापेक्षा मला तोच रस्ता बरा वाटतो. आणि डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण) लागणार नसेल तर ईसीपी निवडूच नका, ईपीपी किंवा बायडायरेक्शनल ठेवा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

बोर्डवरचा हेडर २६ पिनांचा असतो आणि कनेक्टर २५चा. चपट्या रिबन केबलमध्ये हेडरची २ नंबरची पिन सहसा कनेक्टरच्या १४वर जाते, त्यामुळे मॅन्युअल आणि मल्टिमीटर दोन्ही जवळ ठेवा. काही बोर्डांवर हेडर २ मिलिमीटर पिचचा असतो, नेहमीची केबल बसतच नाही. बिझी म्हणजे ११ नंबरची पिन स्टेटस रजिस्टरमध्ये उलटी दिसते, कंट्रोलच्या १, १४ आणि १७ पण उलट्या, फक्त १६ सरळ. असं का केलं असेल देव जाणे.

शेवटचं पण महत्त्वाचं, लिनक्सचा प्रिंटर ड्रायव्हर, म्हणजे एलपी मोड्यूल, ब्लॅकलिस्ट करा (आपोआप लोड होऊ देऊ नका). नाहीतर कर्नल प्रिंटर समजून पोर्ट धरून बसू शकतो. तरीही बूट होताना पिना कुठल्या स्थितीत असतील याचा भरवसा नाही, तेव्हा रिलेचा सप्लाय पोर्टच्या भरवशावर सोडायचा नाही. मध्ये बफर किंवा ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा आयसोलेटर) घाला, आणि चार्ज पंप सर्किट लावा, म्हणजे प्रोग्राम एका पिनवर सतत पल्स देत असेल तेव्हाच सप्लाय चालू राहील.