मृदुकाय संघ, उदाहरण : जिवंत चिलखत

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तोंडी परीक्षा सर्वांत शेवटी असते, आणि तोवर फॉर्मॅलिनच्या वासाने विद्यार्थ्यांची आणि परीक्षकांचीही डोकी जड झालेली असतात. त्या दिवशी त्यात रत्नागिरीच्या एप्रिलमधल्या घामाची भर होती. बाहेरून आलेले परीक्षक घाटावरच्या एका महाविद्यालयातले ज्येष्ठ प्राध्यापक होते. अंतर्गत परीक्षक म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले होते.

सकाळी स्पॉटिंग झाले होते. क्रमांक लावलेल्या बरणीसमोर उभे राहायचे, आतला प्राणी ओळखायचा, त्याचे वर्गीकरण कारणांसह लिहायचे आणि घंटा वाजली की पुढच्या बरणीकडे सरकायचे, हा प्रकार मी स्वतः विद्यार्थिनी होते तेव्हापासून तसाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या निर्देशांनंतर पदवीच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन गेले आणि त्याचे मला दुःख नाही. पण त्यामुळे मुलांचा प्राण्यांशी जो काही संबंध उरला तो मुख्यतः बरणीतल्या, रंग उडालेल्या, वर्षानुवर्षे एकाच बाजूला कललेल्या प्राण्यांशी, हेही खरे. म्हणून मी परीक्षेच्या दिवशी बाजारातून बादलीभर जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे छोटे शिंपले, आणून ठेवते. पाण्यात त्या शांतपणे तोंड उघडतात, दोन छोट्या नळ्या बाहेर काढतात, आणि बादलीला धक्का लागला की मिटून घेतात.

दुपारी तीनच्या सुमारास बंदराजवळ राहणारी एक विद्यार्थिनी आत आली. लेखी परीक्षेत बरी, तोंडी परीक्षेत घाबरणारी. सरांनी तिला विचारले, "कवच असलेल्या मृदुकाय प्राण्याचे उदाहरण दे. पण पुस्तकातले नको." किनाऱ्यावरची मुलगी आहे तर कालवे, मुळे, खुबे अशी इथली नावे घेईल, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. ती क्षणभर बादलीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "जिवंत चिलखत, सर."

मला वाटले, हे एखाद्या शिंपल्याचे स्थानिक नाव असेल. सरांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी पेन उचलून विचारले, "कुठे सापडते?" त्यावर तिचा चेहरा उतरला. चूक तिच्या लक्षात आली होती आणि आता खोटे बोलणे शक्य नव्हते. "एका जपानी ॲनिमे मालिकेत सापडते, सर. भुयारात." मी डोळे मिटून घेतले.

सर रागावले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला : "मृदुकायच का? भूत का नाही?" आणि पुढची वीस मिनिटे आमच्या प्रयोगशाळेत जे चालले, तशी तोंडी परीक्षा मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिलेली नाही.

ती ज्या मालिकेबद्दल बोलत होती ती 'डंजन मेशी'. रिओको कुई यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१४ ते २०२३ या काळात १४ खंडांत पूर्ण झाली आणि ट्रिगर या स्टुडिओने २०२४ मध्ये तिच्यावर २४ भागांची मालिका केली. भुयारात उतरलेली साहसी मंडळी पैसे आणि शिधा संपल्यामुळे वाटेत भेटणारे राक्षसच शिजवून खातात, अशी ती गोष्ट आहे. भुयारांतून चालणारी रिकामी चिलखते हा साहसकथांमधला जुना प्रकार. त्यांच्यात मंत्र किंवा प्रेत असते असे सगळे धरून चालतात. इथे मात्र लायोस नावाच्या नायकाला त्यांच्यातल्या एका ढालीच्या पाठीमागे अंडी दिसतात. तो चिलखताचे तुकडे उकलतो, तर आत मऊ, स्नायूंचे जीव निघतात : एका चिलखतात अनेक, एकमेकांना घट्ट धरून बसलेले.

"अंडी आहेत, सर, म्हणून भूत नाही," ती म्हणाली. "आणि ती राखली जातात. मृदुकायांतली मादी ऑक्टोपसही अंडी राखते."

"ऑक्टोपस अंडी राखताना काय करते?"

"खाणे सोडते. पिल्ले बाहेर येईपर्यंत राखते आणि मरते."

सरांनी मान हलवली आणि मग खरी उलटतपासणी सुरू केली. बाहेर कठीण कवच, आत स्नायू, हातापायांना सांधे, हे तर खेकड्याचे वर्णन झाले. मग हा प्राणी संधिपाद, म्हणजे खेकडे-कीटकांच्या संघातला, का नाही? ती अडखळली, पण तिने उत्तर दिले : संधिपाद प्राणी वाढताना कात टाकतात आणि या प्राण्याने कात टाकल्याचे तिने पाहिलेले नाही. मला अचानक जपानी ॲनिमे दिग्दर्शक मियाझाकी यांच्या १९८४ च्या चित्रपटातले प्रचंड, किड्यांसारखे ओमू आठवले, ज्यांनी टाकलेली कात गोळा करून माणसे वापरतात. त्या राक्षसांना कोणत्या संघात घालायचे याबद्दल मला कधीच शंका आली नव्हती. "आणि कवच त्याने स्वतः स्रवलेले की आयते मिळालेले?" सरांनी पुढे विचारले. ती म्हणाली, स्रवलेले असेल तर आत प्रावार, म्हणजे कवच स्रवणारे मऊ आवरण, असला पाहिजे. आयते असेल तर त्याची सवय रिकाम्या शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबसारखी म्हणावी लागेल, आणि तसा एक राक्षस त्याच मालिकेत वेगळा आहे, तो खजिन्याच्या पेटीत राहतो. हे उत्तर मी शिकवलेले नव्हते.

मग मी, राहवले नाही म्हणून, मध्ये पडले. रिकाम्या दालनात कितीतरी काळ ताठ उभे राहायचे तर थकवा येणार, मग हा प्राणी ती ताकद आणतो कुठून, असे मी विचारले. तिने उत्तर देण्याऐवजी दोन्ही तळहात शिंपल्यासारखे जुळवले. शिंपला मिटून धरणाऱ्या अडक्टर स्नायूचे दोन भाग असतात, एक झटक्यात मिटणारा आणि दुसरा फारशी ऊर्जा न खर्चता तासन्‌तास आवळून धरणारा, हे वर्गात सांगितलेले तिने बरोबर सांगितले. पण त्यापुढे ती जे बोलली ते तिच्या घरचे होते. आई विळीवर तिसऱ्या फोडते तेव्हा सगळा जोर पाते आत शिरेपर्यंतच लागतो, मिटून धरणारे स्नायू तुटले की शिंपला आपणहून ढिला पडतो, आणि लायोसने चिलखत उकलले तेव्हा ते तसेच ढिले पडले असणार, असे ती म्हणाली. हे सांगताना तिने उजव्या हाताचे बोट डाव्या तळहाताखालून असे काही फिरवले की स्नायू नेमके कुठे आहेत हे कोणालाही दिसावे. बरणीत पाहून ते कळत नाही.

सरांनी तिला पकडले ते 'वसाहत' या शब्दावर. चिलखत म्हणजे मृदुकायांची वसाहत, असे ती दोनदा म्हणाली होती.

"कालवे खडकावर एकमेकांवर बसतातच ना, सर?"

"बसतात. पण त्यातले एक हात झाले आणि दुसरे पाय, असे कधी पाहिलेस?"

ती गप्प झाली. जीवांनी एकमेकांना जोडून कामे वाटून घ्यायची आणि मिळून एकच देह असल्यासारखे वागायचे, हा प्रकार पाहायचा तर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर वाहून येणाऱ्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या ब्लू बॉटलकडे पाहावे लागते, ज्यात कोणी फुगा होतो, कोणी डंख करतो, कोणी अन्न पचवतो, तर कोणी प्रजननाचे काम करतो. पण ब्लू बॉटल मृदुकाय नाही, जेलीफिश ज्यात येतात त्या निडारिया संघातली आहे. खऱ्या मृदुकायांत अशी कामाची वाटणी मला ठाऊक नाही. "म्हणजे एक गुण गेला," सर म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच दहापैकी नऊ गुण मांडले.

त्या एका कापलेल्या गुणाचा मी नंतर बराच विचार केला. वेताळाचा गुण कापता येत नाही. बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस लागत असे, इतका तपशील आपल्याकडे आहे, पण ते पचायला त्याला किती वेळ लागे हे महाभारत सांगत नाही, कारण कथेला त्याची गरज नाही. 'डंजन मेशी'ची सुरुवातच पचनापासून होते : लाल ड्रॅगनने लायोसच्या बहिणीला गिळले आहे, ड्रॅगन खाऊन दीर्घकाळ झोपतो आणि त्याचे पचन मंद असते, म्हणून ती पूर्ण पचून जाण्याआधी तिला बाहेर काढण्याची आशा उरते. अजगराने भक्ष्य गिळल्यानंतरची सुस्ती ज्याने पाहिली आहे त्याला हा हिशेब लगेच पटतो. स्लाइम हा चिकट, लिबलिबीत राक्षस म्हणजे उलटे होऊन बाहेर आलेले पोट, असे त्यातला सेन्शी नावाचा बुटका स्वयंपाकी समजावतो. आपले पोट तोंडातून बाहेर काढून भक्ष्य बाहेरच पचवणारा तारामासा मला तिथे आठवला. एखाद्या राक्षसाला पोट, अंडी आणि स्नायू दिले की त्याच्याबद्दल कोणीतरी चुकू शकते, आणि चूक दाखवूनही देता येते. माझ्या मते त्या मालिकेतले राक्षस जिवंत वाटतात ते याच कारणाने; ते किती देखणे रंगवले आहेत हा नंतरचा भाग. उत्तर अडले की मालिका जादूचा आधार घेते, ते मात्र मला खटकते. परीक्षेत कोणी "जादू" असे उत्तर दिले असते तर सरांनी शून्य मांडले असते, आणि मी त्यांना अडवले नसते.

हे सारे मला मालिका पाहिल्यावर सुचले. त्या दुपारी मात्र मला काळजी होती ती वेळापत्रकाची, कारण बाहेर अजून अकरा विद्यार्थी उभे होते आणि सरांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. ती मुलगी निघाली तेव्हा सरांनी तिला दारातून परत बोलावले आणि विचारले, "खातात कसे ते?"

"परतून, भाजून, आणि सूप करून. शिरस्त्राण वाफवतात, सर."

ती गेली. पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलवायचे म्हणून मी उठले, तर सर ट्रेमधल्या रिकाम्या तिसऱ्यांच्या शिंपांत काहीतरी शोधत होते. त्यांनी दोन निवडल्या, दोन वेगवेगळ्या तिसऱ्यांच्या, आणि खांद्याला दंड जोडावा तसा एकीचा काठ दुसरीच्या बिजागरीशी लावून पाहिला. बसला नाही. त्यांनी एक शिंप उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा लावून पाहिले. दारातला मुलगा आत यावे की नाही हे न कळून माझ्याकडे पाहत होता.