पडली तर उचलणार कशी?

पेट्रोलपंपावर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गेटवर, कुठेही माझ्या गाडीकडे नजर गेली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "चालवता ते ठीक आहे हो, पण पडली तर उचलणार कशी?" आजवर मी कधी हसून "उचलते" म्हटलं, कधी विषय बदलला. परवा एका आत्याबाईंनी तोच प्रश्न माझ्या सासूबाईंना विचारला, मी समोर बसलेली असताना. तेव्हा एकदाच काय ते सगळं सांगून टाकते.

गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची मोटरसायकल, क्लासिक ३५०. वजन १९५ किलो, म्हणजे अ‍ॅक्टिव्हाच्या जवळजवळ दुप्पट. सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर, आणि मी पाच फूट एक इंच. सपाट रस्त्यावर माझे चवडे टेकतात, टाचा नाही. हे तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही विचारता, ते मला कळतं. पण माझा भाऊ हीच गाडी चालवतो आणि त्याला हा प्रश्न एकदाही कोणी विचारलेला नाही. १९५ किलो हातांच्या जोरावर त्यालाही उचलता येत नाहीत. त्याची पडते तेव्हा आजूबाजूचे धावतात, चौघं मिळून उभी करतात, कोणी तरी "लागलं नाही ना" विचारतं आणि चहा पाजतं. माझी पडली की "कशाला आणता एवढी मोठी?" राग येतो तो याचा.

आता उत्तर. आडवी पडलेली गाडी उचलायची नसते, ढकलत उभी करायची असते. दोन्ही टायर जमिनीवरच असतात, त्यामुळे सगळं वजन आपल्या अंगावर कधी येतच नाही. भरलेलं पिंप आपण उचलून नेत नाही, कडेवर कलतं करून फिरवत नेतो, तसंच हे. पहिला वीतभर जड जातो. गाडी वर येत जाते तशी हलकी होते, आणि शेवटी भलत्याच जोराने ढकलली तर पलीकडे जाऊन पडेल याचीच भीती असते.

आधी किल्ली बंद करायची. बहुतेक नव्या गाड्यांत आडवी झाली की इंजिन आपोआप बंद पडतं, तरीही करायची. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय का ते बघायचं. मागून पुढून काही येतंय का तेही. मग हँडल ज्या बाजूला पडलं असेल त्याच बाजूला पूर्ण वळवून घ्यायचं, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, कंबरेच्या खालचा भाग सीटच्या कडेला टेकवायचा, एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात मागचं ग्रॅबरेल, म्हणजे सीटमागचा धरायचा दांडा. पाठ ताठ, हात सरळ, छाती वर. आणि मग मागे मागे चालायचं, अगदी छोटी पावलं टाकत. जोर मांड्यांचा. हातांनी फक्त धरून ठेवायचं.

उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड काढून ठेवायचं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची. कारण स्टँड पलीकडच्या बाजूला असतं, एकदा पाठ लावली की पाय पोचत नाही. डावीकडे पडली तर गिअरचा लिव्हरच गाडीखाली जातो, मग ती घरंगळू नये म्हणून पुढचा ब्रेक दाबलेला ठेवावा लागतो. त्यासाठी माझ्या उजव्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कायम गुंडाळलेला असतो. दोन बोटं रुंद, काळा, कडेला चिरा पडलेला. लोक विचारतात नजर लागू नये म्हणून बांधलाय का. तो खेचून ब्रेकच्या लिव्हरवर चढवला की पुढचं चाक जागचं हलत नाही.

हे मी भावाबरोबर अंगणात गोणपाट अंथरून, त्यावर गाडी आडवी करून शिकले. व्हिडिओ बघून कळलं होतं, पण शरीराला कळायला पाठ सीटला लावावी लागली.

आता कोकणातल्या केळशीचं सांगते, कारण हे सगळं लिहिण्यामागे तेच आहे.

केळशीहून आंजर्ल्याकडे निघाले होते. पावसाळा नुकताच संपलेला, रस्ता अरुंद, चढ-उतार. वळणावर समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढ चढत आला. भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा उचलत नाही, म्हणून मीच कडेला थांबले. डावा पाय टेकला तिथे साइडपट्टी पावसाने वाहून गेलेली. डांबराच्या कडेखाली वीतभर पोकळी. पाय टेकायला जमीनच नव्हती. गाडी शांतपणे डावीकडे गेली, मी बाजूला उतरले. खरचटलंही नाही.

गाडीचं डोकं उताराकडे, चाकं चढाच्या बाजूला. अशी पडली की थेट उभी करायला जाऊच नये. आधी लेगगार्डवर, म्हणजे पुढच्या लोखंडी दांड्यावर टेकलेली गाडी जागच्या जागी ओढून फिरवायची, चाकं उताराच्या बाजूला आणायची. मी किल्ली काढली, ट्यूब ब्रेकवर चढवली, मागच्या बॅगा सोडायला घेतल्या. तेवढ्यात एक काका आले, पन्नाशीच्या पुढचे. स्कूटर लावली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही बाजूला व्हा. तुमच्याने नाय व्हायचं."

मी म्हटलं, काका, आधी फिरवायची आहे, तुम्ही फक्त मागून धरा. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणजे कानांवर गेलं, मनावर गेलं नाही. गाडीकडे तोंड करून वाकले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि हिसका दिला. गाडी हातभर वर आली. मग त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं आणि हात सुटले. कंबरेत उसण भरली होती. त्यांना सरळ होता येईना. मी त्यांना धरून बांधावर बसवलं, पाणी दिलं. चेहरा पांढराफटक झाला होता.

मग मी गाडी फिरवली. एकदम नाही, थोडी पुढून, थोडी मागून, पुन्हा पुढून. लाल मातीत लेगगार्डची अर्धगोल रेघ उमटली. पाठ लावली, पावलं टाकली, उभी केली, टाचेने स्टँड काढलं. काका बांधावरून "नको, नको, पडाल" म्हणत होते.

त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. तो आला, वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उचलता येत नाही तर कशाला आणता असल्या गाड्या?"

गाडी तेव्हा त्याच्यासमोर उभी होती. मी काकांकडे बघितलं. ते काहीतरी बोलतील असं वाटलं. ते समुद्राच्या बाजूला बघत राहिले. मीही काही बोलले नाही. वेदनेने कळवळणाऱ्या माणसासमोर त्याच्या मुलाला काय सुनावणार? आंजर्ल्यापर्यंत हेल्मेटमध्ये रडत गेले.

त्या काकांवर माझा राग नाही. एका अनोळखी बाईसाठी ते थांबले होते. पण तो प्रश्न तेव्हापासून मला नुसता प्रश्न म्हणून ऐकू येत नाही.

आधीची मी हट्टी होते. कोणाचाही हात लागू द्यायचा नाही, एकटीने उभी करायची, तरच चालवायचा हक्क, असं मला मनापासून वाटायचं. आज त्या मुलीशी माझं भांडण आहे. उचलता येणं ही गाडी चालवायची अट कुठून आली? ओल्या वाळूत, सामान लादलेली, उताराला तोंड करून पडलेली गाडी मला एकटीला उभी करता येत नाही. आली नाहीये. अशा वेळी कडेला बसून कोणाची तरी वाट बघितली आहे. पण ती मुलगीही अगदीच चुकीची नव्हती. अंगणात गोणपाटावर तिने घाम गाळला नसता, तर केळशीच्या रस्त्यावर त्या मुलासमोर गाडी आडवीच असती.

हल्ली डावा गुडघा कुरकुरतो. उभं राहताना कळ येते. एक दिवस पाठ लावेन आणि गाडी हलणार नाही, हे मला माहीत आहे. भाऊ म्हणतो तेव्हा हलकी घे. नवरा म्हणतो तेव्हाचं तेव्हा बघू. माझं मन दोघांच्या मधे लटकतं.

शिकायचं असेल तर रविवारी सकाळी अंगणात या, गोणपाट अजून आहे. पाच फुटांच्या आतल्या बायकांनी अवश्य या. आणि रस्त्यात माझी गाडी आडवी दिसली, तर थांबाही, मला बरंच वाटेल. फक्त मागचं ग्रॅबरेल धरा, कंबरेतून वाकू नका, आणि मी "चला" म्हणेपर्यंत जोर लावू नका.